वरच्या शहराचा नाला नदीत, पत्राला उत्तर "निधी नाही": ग्रामपंचायतीनं आता काय करावं?

काठावरचं_गाव

गाव 3,000 वस्तीचं. वरच्या अंगाला साडेचार किलोमीटरवर तालुक्याचं ठिकाण, तिथं नगरपंचायत, लोकसंख्या 15,000 च्या आसपास. शहराचा मोठा नाला सरळ नदीत पडतो, मध्ये कसलीही प्रक्रिया नाही. नाल्याचं तोंड आणि आमची जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) यांच्या मध्ये एक कोल्हापुरी बंधारा आहे.

डिसेंबरपर्यंत फार कळत नाही. फेब्रुवारीपासून बंधाऱ्यातलं पाणी काळपट-हिरवं होतं, वर इकॉर्निया (जलपर्णी) पसरते, मे महिन्यात डोहातल्या मासोळ्या उलट्या होऊन तरंगतात. ढोरं त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही नळाच्या पाण्याचा वास जात नाही, उलट कधीकधी वाढतो.

ग्रामपंचायतीनं नगरपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्रं दिली. एकीकडून उत्तर आलं, "प्रकल्प प्रस्तावित आहे, निधी प्राप्त होताच कार्यवाही करण्यात येईल." दुसरीकडून, "स्थळ पाहणी करण्यात येईल."

विचारायचं ते असं: पुरावा कसा गोळा करावा की तो टिकेल? कोणत्या कार्यालयाकडं नेमकं काय मागावं? तोवर पिण्याच्या पाण्याचं काय करावं? आणि आमच्याही नाल्या नदीतच जातात, तर उद्या तेच आमच्या अंगावर येईल का?

---

बीओडी_बाटली

पुराव्यापासून सुरू करतो, कारण पत्रं तिथंच मरतात. "पाणी खराब आहे, वास येतो" एवढ्यावर कोणीही पाहणी पुढं ढकलू शकतो. पत्रात आकडा, जागा, वेळ आली की ढकलणं अवघड जातं.

आधी नाल्याचा प्रवाह मोजा. खर्च शून्य. नदीत पडण्याआधी नाल्याचा सरळ, सारख्या रुंदीचा 10 मीटरचा तुकडा निवडा, दोन्ही टोकांना खुंटी ठोका. रुंदी मोजा, तीन-चार जागी खोली मोजून सरासरी काढा. निंबाची काडी किंवा संत्र्याचं साल वरून सोडा आणि दुसऱ्या खुंटीपर्यंत किती सेकंद लागले ते पाहा. पाच वेळा करा. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं, म्हणून आलेल्या वेगाला 0.8 ने गुणायचं. उदाहरण: रुंदी 0.9 मीटर, खोली 0.10 मीटर, 10 मीटरला 40 सेकंद. वेग 0.25, गुणिले 0.8 म्हणजे 0.2 मीटर प्रति सेकंद. प्रवाह 0.9 × 0.10 × 0.2 = 0.018 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 18 लिटर.

एकाच वेळची मोजणी धरून चोवीस तासांचा हिशेब करू नका, ही चूक सगळे करतात. सकाळी 7 ते 9 नाला भरून वाहतो, दुपारी निम्मा, रात्री धार. सकाळी, दुपारी, रात्री मोजून सरासरी काढा. सरासरी 10 लिटर आली तर दिवसाला 8.64 लाख लिटर. हे ताडून पाहायची सोपी रीत आहे: 15,000 माणसं, माणशी 70 लिटर पाणीपुरवठा, त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे 8.4 लाख लिटर. दोन आकडे जवळ आले की "एवढं पाणी आमचं नाहीच" म्हणायला जागा राहत नाही.

आता नमुने. किमान तीन जागा: नाल्याच्या वर नदीत, नाल्याच्या तोंडात, आणि खाली जिथं पाणी पूर्ण मिसळलं आहे तिथं. वरचा नमुना सोडला तर बाकी दोघांना अर्थ नाही, कारण पहिला प्रश्न येतो की वरूनच घाण आली नसेल कशावरून. चौथा नमुना जॅकवेलजवळ घ्या. नदीत वाहत्या धारेतून, पृष्ठभागाच्या हातभर खालून भरा. काठावरचा फेस किंवा तळाचा गाळ बाटलीत आला की अहवाल वाया जातो.

बीओडीसाठी (घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात ते सांगणारा आकडा) स्वच्छ प्लास्टिकच्या कॅनमध्ये एक ते दोन लिटर, काठोकाठ, बर्फाच्या पेटीत, 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, ती काठोकाठ भरायची नाही, आणि त्याच दिवशी पोचवायची. आपल्याकडं बीओडी 27 अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात. गुरुवारी नमुना नेला तर तिसरा दिवस रविवार येतो आणि बऱ्याच जागी घ्यायलाच नकार मिळतो. सोमवार-मंगळवार धरा.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र जागेवरच बांधावा लागतो. 300 मिलीची काचेची बाटली पाण्याखाली हळू भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड दोन-दोन मिली टाकून बूच लावून उलटसुलट करायची. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढरा बसला तर नाही. पांढऱ्या साक्याची बाटली सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि दोन गावकऱ्यांसमोर धरून तारीख-वेळेसह फोटो काढला, तर तो फोटोच अर्धा अहवाल आहे. ही बाटली पहाटे भरा, तेव्हा प्राणवायू सगळ्यात कमी असतो. दुपारी हिरवळीमुळे तो फसवा वाढलेला दिसतो. रसायनं जळजळीत आहेत, हातमोजे घाला आणि हे काम महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या माणसाकडून करवून घ्या.

ताडायला आकडे: आंघोळीच्या पाण्यासाठी बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत, प्राणवायू किमान 5. 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांबाहेरच्या प्रक्रिया केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याला बीओडी 30 ही मर्यादा, हरित न्यायाधिकरणानं 2019 मध्ये ती 10 वर आणायला सांगितली. कच्चं सांडपाणी 150 ते 300 असतं. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत 30 च्या वर बीओडी असलेला नदीचा पट्टा पहिल्या, म्हणजे सगळ्यात वाईट गटात जातो.

मे महिन्यातच मासोळ्या का मरतात? 20 अंशांचं पाणी लिटरला 9 मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, 35 अंशांचं सातच्या आत. त्यात नदीचा प्रवाह थांबलेला आणि जंतूंची भूक उन्हानं वाढलेली. दुसरा घात मृगाच्या पहिल्या लोंढ्यात होतो, नाल्यात सहा महिने साचलेला काळा गाळ एकदम उठून खाली येतो. त्या दिवशीचा नमुना जरूर घ्या.

---

ठराव_क्रमांक

वरचं सगळं बरोबर आहे, त्याला एक पुस्ती. तुम्ही घेतलेला नमुना कारवाईला बळ देतो, पण जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम 1974 च्या कलम 21 खालचा कायदेशीर नमुना मंडळाचाच अधिकारी घेऊ शकतो. म्हणून मागणी "पाहणी करा" अशी नको. "अमुक तीन ठिकाणी, सकाळी 7 ते 9 या वेळेत, ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीसमोर संयुक्त नमुना घ्या आणि अहवालाची प्रत द्या" अशी हवी. मंडळाच्या भाषेत याला जेव्हीएस म्हणतात, तोच शब्द लिहा. दुपारी तीन वाजता घेतलेला नमुना नेहमीच सौम्य येतो, त्यामुळं वेळेचा आग्रह सोडू नका. विदर्भात मंडळाची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत.

कोणाचं काय काम ते नीट वेगळं करा. एकाच पत्राच्या सहा प्रती सहा कार्यालयांना पाठवल्या की सहाही जण दुसऱ्याकडं बोट दाखवतात.

मुख्याधिकाऱ्यांना कलम 24 आणि 25 दाखवा. प्रक्रिया न केलेलं पाणी प्रवाहात सोडायला मनाई आहे आणि सोडायचं तर मंडळाची संमती लागते, हे नगरपंचायतीलाही लागू आहे. मंडळाकडं कलम 33अ खाली निर्देश द्यायची मागणी करा. जिल्हाधिकाऱ्यांकडं वेगळा अर्ज, कारण जिल्हा पर्यावरण आराखड्याची समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली असते. तुमचा नाला त्या आराखड्यात आहे का आणि त्यापुढं कोणती तारीख लिहिली आहे, एवढंच विचारा. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडं सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो, जुनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152.

"निधी नाही" याला उत्तर आहे. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्येच सांगितलं की पैसा नाही ही सबब नगरपालिकेला तिच्या कर्तव्यातून सोडवत नाही. 22 फेब्रुवारी 2017 च्या पर्यावरण सुरक्षा समितीच्या निकालात सांडपाणी केंद्रं तीन वर्षांत उभी करायला सांगितली. 31 मार्च 2021 नंतरही केंद्र सुरू नसेल तर प्रत्येक केंद्रामागं महिन्याला 10 लाख रुपये भरपाई, असं हरित न्यायाधिकरणानं ठरवलं. शिवाय 1 लाखाखालच्या शहरांना स्वच्छ भारत मिशन (नागरी) 2.0 मध्ये वापरलेल्या पाण्यासाठी स्वतंत्र तरतूद आली. म्हणून मुख्याधिकाऱ्यांना विचारायचं ते हे: सविस्तर प्रकल्प अहवाल कोणत्या तारखेला कुठं पाठवला, तांत्रिक मान्यता कधी मिळाली, जागेचा सातबारा कोणाच्या नावे आहे.

हा तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. बहुतेक छोट्या शहरांत अडचण पैशाची नसते, जागेची असते. केंद्र शहराच्या सखल टोकाला लागतं आणि ती जमीन पुष्कळदा शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं गायरान असते. तसं असेल तर तुमच्या ग्रामसभेच्या हातात मोठी गोष्ट आहे. नुसता विरोध करू नका, अटी घाला: केंद्र कधी सुरू होणार, वीज गेली तर जनरेटर, दर महिन्याचा तपासणी अहवाल तुमच्या सूचना फलकावर. नाल्यावर मोटरी लावून भाजीपाला करणारे शेतकरीही आधी बोलावून घ्या. पाणी बंद होईल या भीतीनं विरोध तिथून उभा राहतो. प्रक्रिया केलेलं पाणी त्यांना मिळणार हे अटीतच लिहा.

ठरावाचा मसुदा असा चालेल:

"ग्रामसभा दिनांक ___. नदीत ___ येथे मिसळणाऱ्या नाल्यातून दिनांक ___ रोजी केलेल्या मोजणीनुसार दररोज अंदाजे ___ लाख लिटर प्रक्रिया न केलेले सांडपाणी येत आहे. दिनांक ___ रोजीच्या नमुन्यांत बीओडी नाल्याच्या वर ___, तोंडाशी ___, खाली ___ आढळली. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत तेथून ___ किलोमीटर खाली आहे. जल अधिनियम 1974 च्या कलम 33अ नुसार निर्देश द्यावेत, ग्रामपंचायत प्रतिनिधीसमक्ष संयुक्त नमुने घ्यावेत व नाल्यावर तात्पुरती उपाययोजना 60 दिवसांत करावी. कार्यवाही न झाल्यास हरित न्यायाधिकरणात अर्ज करण्याचे अधिकार सरपंचांना देण्यात येत आहेत."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर पुढं अर्ज कोणी करायचा यावरच घोडं अडतं.

माहितीचा अधिकार सोबतच चालवा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत 30 दिवस. मंडळाकडून तीन वस्तू मागा: नगरपंचायतीच्या संमतीपत्राची प्रत, गेल्या तीन वर्षांचे जेव्हीएस अहवाल, बजावलेल्या नोटिसा आणि निर्देश. "काय कारवाई केली" असा प्रश्न विचारला तर उत्तर गोल येतं, कागदाची प्रत मागितली तर कागद येतो किंवा "उपलब्ध नाही" असं लेखी येतं. तेही तुमच्या उपयोगाचंच.

हरित न्यायाधिकरणाचं आपल्यासाठीचं खंडपीठ पुण्याला. भरपाई न मागता केलेल्या अर्जाची फी 1,000 रुपये. मुदत सांभाळा: कलम 14 खाली कारण घडल्यापासून सहा महिने, भरपाई व पुनर्स्थापनेसाठी कलम 15 खाली पाच वर्षं. नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्यानं ही मुदत थांबत नाही.

---

जॅकवेल_ते_जलकुंभ

भाऊ, कागद चालत राहतील, नळ रोज सोडावा लागतो. तुमच्या टीसीएलच्या वासाचं कारण सांगतो, कारण याच जागी बऱ्याच ग्रामपंचायती फसतात.

सांडपाण्यात अमोनिया असतो. क्लोरीन आधी अमोनियाशी बांधला जातो, मोकळा उरतच नाही. त्या बांधलेल्या क्लोरीनला औषधासारखा उग्र वास असतो आणि त्याची जंतू मारायची ताकद फार कमी. ओटी टेस्टमध्ये (थेंब टाकून क्लोरीन तपासायच्या चाचणीत) मात्र पिवळा रंग येतो आणि वहीत "क्लोरीन आहे" अशी नोंद होते. ओळखायची खूण: मोकळा क्लोरीन असेल तर ओटीचा थेंब पडल्याबरोबर पिवळं होतं. रंग तीन-चार मिनिटांनी हळूहळू चढला तर तो बांधलेला. पाच सेकंदांत पाहा आणि पाच मिनिटांनी परत पाहा, दोन्ही नोंदी ठेवा. नळाच्या शेवटच्या टोकाला मोकळा क्लोरीन 0.2 मिलिग्रॅम हवा.

नुसती टीसीएल वाढवून हे सुटत नाही, हिशेब पाहा. साध्या पाण्याला 1,000 लिटरला 5 ग्रॅम चांगली टीसीएल पुरते, 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. लिटरला 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असला तर तो संपवायलाच 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. म्हणजे 33 टक्क्यांची ताजी पावडर धरली तरी 1,000 लिटरला 30 ग्रॅम, टाकीला दीड किलो. आपल्या उन्हाळ्यात उघड्या पोत्यातली पावडर 33 टक्के राहतच नाही. एवढी पावडर घातलेलं पाणी लोक तोंडाला लावणार नाहीत आणि लावूही नये.

म्हणून फेब्रुवारी ते जून स्रोतच बदला. नदीपासून दूर, वरच्या अंगाच्या बोअर किंवा विहिरी अधिग्रहणासाठी टंचाई आराखड्यात आताच टाका. कारणाच्या रकान्यात "स्रोत दूषित" लिहा आणि प्रयोगशाळेचा अहवाल जोडा, नुसतं "पाणी कमी" लिहिलं तर जॅकवेलमध्ये पाणी दिसतं म्हणून प्रस्ताव कापला जातो. बोअरचं नायट्रेट (45 च्या आत) आणि फ्लोराइड तपासूनच घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते होतं, पण सांडपाण्याची बीओडी तिथं मागू नका, ती पिण्याच्या पाण्याची प्रयोगशाळा आहे.

पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात लाल (धोक्याचं) कार्ड मिळालं तर लपवू नका. वरच्या नाल्याविरुद्ध तो सरकारी कागद आहे.

---

काठावरचं_गाव

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. बंधाऱ्याचे गेट उन्हाळ्यात काढावेत का? आणि आमच्या नाल्यांसाठी शोषखड्डे मंजूर आहेत, ते करावेत का? जमीन काळी, खोल.

---

काळी_माती

खोल काळ्या जमिनीत शोषखड्डा करू नका. ओली झाली की ही माती फुगते आणि भेगा बुजतात, पाणी मुरायचं थांबतं. पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरून अंगणात येतो, मग लोक पाईप काढून परत नालीत सोडतात. मुरमाची गल्ली असेल तिथं जरूर करा. आधी तपासा: फूटभर रुंद-खोल खड्डा खणा, रात्रभर भरून ठेवा, सकाळी परत भरा आणि तासाभरात किती उतरलं ते मोजा. बोटभरही उतरलं नाही तर तिथं खर्च करू नका.

काळ्या जमिनीत गावाच्या टोकाला एकत्रित तळं चालतं, तीच न मुरणारी माती तिथं अस्तराचं काम करते. 3,000 माणसं, माणशी 55 लिटर, 80 टक्के, म्हणजे दिवसाला 1,32,000 लिटर. सात दिवस मुक्काम धरला तर 924 घनमीटर, खोली 1.2 मीटर ठेवली तर सुमारे 770 चौरस मीटर. एकच तळं न करता तीन तुकडे करा, म्हणजे पाणी एका तोंडातून शिरून सरळ दुसऱ्यातून निघून जात नाही. जागा कमी असेल तर गिट्टीचा गाळण-वाफा: 70 सेंटिमीटर गिट्टी, पोकळी 40 टक्के, एक दिवस मुक्काम, सुमारे 470 चौरस मीटर. वर कर्दळी आणि पाणकणीस. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेली फायटोरिड पद्धत याच तत्त्वावर चालते. पण आधी गाळ बसायची टाकी आणि जाळी हवीच. ती सोडली की राख, शेण, प्लास्टिक गिट्टीत जाऊन बसतं, वाफा दोन वर्षांत तुंबतो आणि मग दोष पद्धतीला लागतो.

पैसा: स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा 2 च्या 2020 च्या निकषांत सांडपाण्यासाठी 5,000 पर्यंतच्या गावाला माणशी 280 रुपये, म्हणजे तुम्हाला 8.4 लाख. त्यातला 30 टक्के वाटा वित्त आयोगाच्या बंधित निधीतून द्यायचा असतो. अंदाजपत्रकात गाळ काढायचा वार्षिक खर्च लिहून घ्या, नाहीतर तळं तिसऱ्या वर्षी बेशरमाच्या झुडपांनी भरतं. आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाला हो, तुमची नाली तुमच्या अंगावर आणतीलच. तळ्याचा कार्यादेश अर्जाला जोडता आला तर तो मुद्दा तिथंच संपतो.

एक धोक्याची सूचना. तात्पुरती उपाययोजना म्हणून नगरपंचायत नाल्यात जिवाणूंची पावडर टाकायचं कंत्राट देईल. जिवाणूंना काम करायला वेळ लागतो. सेकंदाला पाव मीटरनं वाहणाऱ्या नाल्यात साडेचारशे मीटरचा प्रवास अर्ध्या तासात होतो, एवढ्यात काही होत नाही. आधी नाल्यात गोट्यांचे बांध घालून पाणी अडवणं, गाळ काढणं, मग काय टाकायचं ते. संडासाच्या टाक्या उपसणारे टँकर कुठं रिते होतात तेही विचारा, त्यांची फेऱ्यांची नोंदवही मागा. त्या मैल्याची बीओडी हजारांत असते. रात्री नाल्यात सोडलेला एक टँकर अख्ख्या वस्तीच्या सांडपाण्याला भारी पडतो.

---

पाटसरी

गेटचं सांगतो. उन्हाळ्यात एकदम काढू नका. बंधाऱ्याच्या तळाला चार महिन्यांचा काळा गाळ असतो. खालचं गेट आधी काढलं तर तोच गाळ आणि प्राणवायू नसलेलं पाणी एका रात्रीत तुमच्या जॅकवेलवर येतं. बंधारा ज्यांच्या ताब्यात आहे त्या विभागाला लेखी द्या की गेट नदीची धार आटून नाल्याचा वाटा मोठा व्हायच्या आधी, जानेवारीत, वरून एक-एक करून काढावेत आणि दोन दिवस आधी ग्रामपंचायतीला कळवावं. त्या दोन दिवसांत टाक्या भरून घ्या आणि गेट काढताना पंप बंद ठेवा. काठच्या वावरांत गव्हाला, हरभऱ्याला पाणी चालू असेल तर शेतकऱ्यांशी बोलून तारीख ठरवा.

इकॉर्निया फुलावर यायच्या आधी काढा, बी अनेक वर्षं तळाशी जिवंत राहतं. काढून काठावरच टाकू नका, पुराच्या रेषेच्या वर न्या. तणनाशक जॅकवेलच्या वर अजिबात नको, मेलेली इकॉर्निया पाण्यातच कुजते आणि उरलासुरला प्राणवायू खाते.

मोठ्या शहराखालच्या गावांनीही हे धरावं. नागपूरच्या नाग नदीचं पाणी कन्हानमधून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात उतरतं. त्या नदीच्या सुमारे 1,925 कोटींच्या प्रकल्पाचं भूमिपूजन डिसेंबर 2022 मध्ये झालं. असं काम वर्षानुवर्षं चालतं, खालच्या गावांनी तोवर स्वतःचा पाण्याचा स्रोत वेगळा ठेवावा.

---

काठावरचं_गाव

प्रवाहाची मोजणी सोमवारी तीन वेळा करतो आणि नमुने मंगळवारी सकाळी. मसुद्यातली मुदत 60 दिवस ठेवू की 30?

---

ठराव_क्रमांक

60 ठेवा. नाल्यातला गाळ आणि गोट्यांचे बांध यांची निविदा 30 दिवसांत निघत नाही, आणि न जमणारी मुदत दिली की तीच सबब होते. मात्र संयुक्त नमुन्यासाठी वेगळे 15 दिवस लिहा, त्याला निविदा लागत नाही. पत्र आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच द्या, नुसत्या मेलवर राहू नका.